छापचित्रांचा मालक कोण?

लंडनमधील खासगी कलादालनांतून ‘मॉडर्न ब्रिटिश’ या नावाखाली सामूहिक प्रदर्शने भरविण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आणि मध्यावरील काही चित्रकार व मुद्राचित्रकार एकत्र आणावयाचे आणि त्यांच्या कृती पांढऱ्या भिंतींवर सुबक चौकटींत मांडावयाच्या, असे त्यांचे स्वरूप असते. शेजारच्या पट्टीवर कलावंताचे नाव, साल व माध्यम नोंदलेले असते. छापचित्र असेल तर त्याच्या खालच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेला एक अपूर्णांकही दिसतो. ही पन्नासांपैकी सतरावी प्रत आहे, असा त्याचा अर्थ. या प्रदर्शनांतील चित्रे सुंदर असतात याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या अपूर्णांकाविषयी. कलेच्या इतिहासात तो तपशिलाची नोंद म्हणून वाचला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो मालकी हक्काचा दस्तऐवज आहे.

छापचित्र म्हणजे मुळातच एकाची अनेक चित्रे करण्याची युक्ती होय. ठसा एकदा कोरला की त्यावरून पुढची प्रत काढण्यास कागद, शाई आणि थोडे श्रम एवढाच खर्च येतो. ज्या शिळाछापाने राजा रविवर्म्याच्या देवदेवता मराठी घराघरांतील भिंतींवर पोचल्या, त्याचे सामर्थ्य हेच होते. चित्र ही राजवाड्यातील एकमेव वस्तू न राहता माजघरातील वस्तू झाली. तेव्हा छापचित्राच्या प्रती पन्नासांवर थांबवून ठसा रद्द करणे म्हणजे त्या माध्यमाच्या अंगी असलेला मूळ गुणच मारून टाकणे होय. ताम्रपटावर सुईने ओरखडून काढलेल्या चित्राचा ठसा थोड्याच प्रतींत झिजतो, तेथे संख्येची मर्यादा निसर्गतःच येते, हे खरे. परंतु लिनोकट किंवा शिळाछाप यांच्या बाबतीत ती मर्यादा बहुतांशी माणसाने घातलेली असते. टंचाई नसलेल्या ठिकाणी टंचाई निर्माण केली की किंमत चढते, हा बाजाराचा जुना धडा आहे.

ज्या ब्रिटिश कलावंतांची लिनोकट चित्रे आज सर्वाधिक चढ्या भावाने विकली जातात, त्यांच्या गुरूला हे मान्य नव्हते. क्लॉड फ्लाइट हा 1881 साली जन्मलेला गृहस्थ चित्रकलेकडे वळण्यापूर्वी अभियंता, ग्रंथपाल, शेतकरी आणि मधमाश्या पाळणारा, असे बरेच काही होता. इयान मॅक्नॅब याने 1925 साली लंडनच्या पिम्लिको भागात ‘ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट’ ही खासगी शाळा काढली. तेथे फ्लाइट पुढल्या वर्षापासून लिनोकट शिकवू लागला. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून तयार केलेले जमिनीवर अंथरावयाचे कापड. 1860 च्या दशकात निघालेली ही वस्तू मध्यमवर्गीयांच्या स्वयंपाकघरात पायांखाली असे. फ्लाइटने तीच कलेसाठी निवडली. तिला ना हस्तिदंताची प्रतिष्ठा, ना ताम्रपटाची परंपरा. कोरण्याचे हत्यार मोडक्या छत्रीच्या काडीपासून करता येई. छापण्यास यंत्र लागत नसे, कागदाच्या पाठीवर चमचा घासला तरी काम भागे. भांडवल जवळजवळ नाहीच असे हे माध्यम असल्यामुळे त्याचे फळही सामान्य माणसाच्या आवाक्यात असावे, असा फ्लाइटचा आग्रह होता. साधारण माणूस बिअरच्या पेल्याला किंवा सिनेमाच्या तिकिटाला जे पैसे मोजतो, तेवढ्यात त्याला चित्र मिळाले पाहिजे, असे तो लिहून गेला आहे.

जुलै 1929 मध्ये लंडनच्या रेडफर्न गॅलरीत फ्लाइटने ब्रिटिश लिनोकट चित्रांचे पहिले प्रदर्शन भरविले. पुढे 1937 पर्यंत अशी प्रदर्शने होत राहिली. त्यांत सिरिल पॉवर हा पन्नाशी ओलांडलेला वास्तुविशारद होता. पहिल्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम केलेली सिबिल अँड्र्यूज होती, आणि स्वित्झर्लंडहून आलेली लिल चूडी ही तरुण विद्यार्थिनीही होती. या मंडळींनी आपल्या काळातील वस्तुजात चित्रविषय केले. पॉवरने भुयारी रेल्वेचे सरकते जिने, फलाट आणि डबे चितारले. 1934 च्या सुमारास केलेल्या त्याच्या डब्याच्या चित्रात दोन्ही बाकांवर माणसे दाटीने बसलेली आहेत. बहुतेकांच्या तोंडासमोर वर्तमानपत्र आहे. एका साच्यातून काढलेले चेहरे, आणि शेजारी असूनही कोणी कोणाकडे पाहत नाही. महानगरातील नोकरपेशाचे इतके नेमके चित्र शब्दांतही क्वचितच सापडेल. अँड्र्यूजच्या 1933 मधील चित्रात ऐरणीभोवती उभे असलेले लोहार घणांची फेरी धरतात, आणि त्यांचे दंड, पाठी आणि घणांचे दांडे मिळून एकच चक्र फिरू लागते. ज्या बाईने स्वतः धातूचे काम केले होते, तिलाच श्रमाची ही लय दिसावी हे साहजिक आहे.

या चित्रांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांतील मजूर हा गतीचा एक आकार आहे. त्याला नाव नाही, मजुरी नाही आणि भूकही नाही. 1926 च्या सार्वत्रिक संपातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, आणि लवकरच वीस लाखांहून अधिक बेकार पाहणाऱ्या देशातील ही चित्रे आहेत, हे ती पाहून कळणार नाही. इटलीतील भविष्यवाद्यांकडून आलेली वेगाची पूजा त्यांत आहे. तथापि विषयाची निवड हीच एक भूमिका असते. बागबगीचे, शिकारी कुत्रे आणि जमीनदारांच्या गढ्या यांतून ब्रिटिश मुद्राचित्र बाहेर आले आणि फलाटावर उभे राहिले, हे श्रेय या शाळेकडे जाते.

आता किमतीचा प्रश्न. सिनेमाच्या तिकिटाची भाषा बोलणाऱ्या फ्लाइटच्या प्रदर्शनांत एका चित्राची किंमत प्रत्यक्षात दोन-तीन गिनी असे. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळी कारखान्यातील प्रौढ पुरुष कामगाराची आठवड्याची मजुरी साठ शिलिंगांच्या आसपास होती. म्हणजे एका चित्रासाठी त्याने आठवड्याच्या कमाईचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग, प्रसंगी सगळी कमाईच, द्यावयाची. साहजिकच ही चित्रे मध्यमवर्गातील रसिकांनी घेतली. कामगारांची चित्रे कामगारांच्या घरी गेली नाहीत. फ्लाइटचा हेतू खोटा नव्हता. पण अनेक रंगांसाठी अनेक ठसे कोरावे लागत, प्रत्येक प्रत हाताने घासून काढावी लागे आणि गॅलरीला आपला वाटा द्यावा लागे. प्रतींची संख्या साधारणतः पन्नासांवर थांबे. बाजाराच्या चौकटीत राहून बाजाराचा नियम मोडण्याचा हा प्रयत्न होता, आणि अशा प्रयत्नांची गत बहुधा अशीच होते.

त्याच 1929 साली या नियमाची दुसरी बाजूही जगासमोर आली. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये अम्लछाप चित्रांची मोठी तेजी होती. डी. वाय. कॅमेरन, म्युरहेड बोन, जेम्स मॅक्बे यांच्या मर्यादित प्रती शेअरांसारख्या घेतल्या आणि विकल्या जात. चित्र घरी नेण्यापूर्वीच त्यावर नफा घेणारे लोक निर्माण झाले होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि त्यानंतर हा बाजारही बसला. चित्रे तीच होती, रेषा तीच होती, ओसरली होती ती फक्त सट्ट्याची हवा. मर्यादित प्रतींच्या अपूर्णांकावर उभी असलेली किंमत किती पोकळ असते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

जे बाजारात साधले नाही ते संघटनेने साधावे, असा विचार पुढच्या दशकात बळावला. 1933 साली लंडनमध्ये डाव्या विचारांच्या कलावंतांनी एक संघटना उभारली. ‘आर्टिस्ट्स इंटरनॅशनल असोसिएशन’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध पावली. फॅसिझम आणि युद्ध यांच्या विरोधात तिने 1935 मध्ये मोठे प्रदर्शन भरविले. 1940 च्या आरंभी, युद्धाच्या काळोखात, तिने ‘एव्हरीमॅन प्रिंट्स’ ही योजना काढली. साधे चित्र एका शिलिंगास, रंगीत चित्र दीड शिलिंगास, आणि प्रतींच्या संख्येवर बंधन नाही. फ्लाइटचे सिनेमाचे तिकीट येथे खरोखरच प्रत्यक्षात आले. पेन्सिलीचा अपूर्णांक पुसला गेला की चित्र स्वस्त होऊ शकते, हे या योजनेने सिद्ध केले. परंतु तिने दुसरीही एक गोष्ट दाखवून दिली. शिलिंगात चित्र मिळू लागले म्हणून ते आपोआप प्रत्येक घरात पोचत नाही. त्याची सवय, त्याची ओळख, ते पाहण्यास फुरसत आणि ते लावण्यास भिंत लागते. स्वस्ताई आवश्यक असते, पण ती पुरेशी नसते. तिला व्यवस्थेची जोड लागते.

ही व्यवस्था शाळांनी पुरविली. रॉबर्ट वेलिंग्टन आणि चित्रकार जॉन पायपर यांनी 1937 साली ‘कंटेम्पररी लिथोग्राफ्स’ ही संस्था काढून एडवर्ड बॉडन, एरिक रॅव्हिलियस, पॉल नॅश आदींकडून शाळांसाठी शिळाछाप करवून घेतले. युद्ध संपल्यावर ब्रेंडा रॉन्सली हिने त्याहून मोठे पाऊल उचलले. तिचा पती डेरेक याने शाळांना चित्रे भाड्याने देण्याचा उपक्रम सुरू केला होता. 1943 साली त्याचे निधन झाल्यावर तिने ‘स्कूल प्रिंट्स’ ही योजना नेटाने पुढे नेली. 1946 पासून निघालेली ही चित्रे वर्गणीवर शाळांना मिळत. युद्धोत्तर टंचाईत लाकडी चौकट मिळणे कठीण, म्हणून चित्राच्या कडेने छापील चौकटच काढलेली असे. ती टाचण्यांनी भिंतीला लावली की काम झाले. मँचेस्टरच्या परिसरात घरभाडे वसूल करण्याची नोकरी करून चित्रे काढणारा एल. एस. लाउरी यानेही 1947 मध्ये या मालिकेसाठी बाहुल्यांच्या खेळाचे चित्र दिले. त्याच वर्षी ब्रेंडा रॉन्सली विमानाने फ्रान्सला गेली आणि पिकासो, ब्राक, मातीस यांसारख्यांना इंग्लंडमधील शाळकरी मुलांसाठी चित्रे काढण्यास तिने राजी केले. 1949 मध्ये निघालेली ही युरोपीय मालिका पैशाच्या दृष्टीने फसली. शाळाचालकांना ती फार अनोळखी वाटली. पण हजारो प्रतींनी निघालेल्या या चित्रांनी एक पिढी वर्गात बसल्या बसल्या आधुनिक चित्रकलेशी परिचित केली. त्या मुलांनी चित्र विकत घेतले नाही. ते त्यांचे होते, कारण शाळा त्यांची होती.

याच काळात इंग्लंडच्या ईशान्येस अ‍ॅशिंग्टन या कोळशाच्या गावी कामगारांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. 1934 साली तेथील कामगार शिक्षण संघटनेच्या वर्गाने रॉबर्ट लायन या शिक्षकाला कलेविषयी व्याख्याने देण्यास बोलाविले. युरोपातील महान चित्रांच्या पारदर्शिका दाखवून काही साधेना, तेव्हा त्याने या मंडळींच्या हाती लिनो आणि रंग दिले. स्वतः करून पाहिल्याशिवाय पाहणे येत नाही, हा त्याचा विचार होता. ऑलिव्हर किलबोर्नसारखे खाणकामगार आपल्या पाळीची, कोळशाच्या थराची, कबुतरांची आणि स्वयंपाकघराची चित्रे काढू लागले. त्यांनी निवडक चित्रे गटाच्या सामाईक मालकीची म्हणून राखली. म्हणूनच ती आज वुडहॉर्नच्या जुन्या खाणीवरील संग्रहालयात एकत्र पाहावयास मिळतात. विकली असती तर ती चारी दिशांना पांगली असती, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात ‘भोळी कला’ म्हणून टांगली गेली असती.

या साऱ्या प्रयत्नांना शासनाचे पाठबळ लाभले ते युद्धकाळात. 1940 साली स्थापन झालेल्या संगीत व कला प्रोत्साहन परिषदेतून 1946 मध्ये आर्ट्स कौन्सिल निर्माण झाली. तिचा आराखडा आखणारा पुढारी प्रत्यक्ष जॉन मेनार्ड केन्स होता. बेकारी निवारण्यासाठी शासनाने खर्च केला पाहिजे असे सांगणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने कलेवरील सार्वजनिक खर्चही तितक्याच सहजपणे रास्त ठरविला. केन्सचा ओढा राजधानीतील दर्जेदार, व्यावसायिक कलेकडे होता, खाणगावच्या हौशी मंडळींकडे नव्हता, ही त्याच्या दृष्टीतील उणीव खरी. तरीही चित्र हे शाळा, दवाखाना किंवा वाचनालय यांप्रमाणे सार्वजनिक तरतुदीचा विषय आहे, हे तत्त्व त्या वेळी प्रस्थापित झाले. अनेक काउंटी कौन्सिलांनी शाळांत फिरविण्यासाठी चित्रसंग्रह उभे केले. 1947 ते 1969 या काळात नॅन यंगमन हिच्या पुढाकाराने भरलेल्या ‘पिक्चर्स फॉर स्कूल्स’ या प्रदर्शनांतून शिक्षणाधिकारी चित्रे निवडून नेत.

आज धोक्यात आहे ते हेच तत्त्व. मँचेस्टरजवळील बेरी या शहराच्या कौन्सिलने 1951 साली लाउरीचे नदीकाठचे एक चित्र 175 पौंडांना घेतले होते. 2006 साली अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी तेच चित्र लिलावात साडेबारा लाख पौंडांना विकण्यात आले. संग्रहालयांच्या नियामक संस्थेने त्याबद्दल बेरीच्या संग्रहालयाची मान्यता काढून घेतली. परंतु चित्र गेले ते गेले. 2019 मध्ये हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलने, एके काळी शाळांसाठी उभा केलेला आपला चित्रसंग्रह बव्हंशी मोडीत काढण्याचे ठरवून त्यातील शेकडो कृती केंब्रिज येथे लिलावात काढल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनमधील डलिच पिक्चर गॅलरीत ग्रोव्हनर स्कूलच्या मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्याचे भरभरून कौतुक झाले. एकीकडे जनतेसाठी कोरलेल्या चित्रांचा उत्सव आणि दुसरीकडे जनतेच्या मालकीच्या चित्रांची विक्री, या दोन घटनांतील विसंगतीची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

विकणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. चित्रे गोदामात पडून आहेत, विम्याचा आणि देखभालीचा खर्च परवडत नाही, वृद्धांची सेवा महत्त्वाची की चित्र? हा प्रश्न वरवर मानवतेचा दिसतो. वस्तुतः तो फसवा आहे. चित्र एकदाच विकता येते, वृद्धांची सेवा मात्र दर वर्षी करावयाची असते. भांडवल विकून चालू खर्च भागविणारा संसार टिकत नाही, हे घरातील गृहिणीलाही ठाऊक असते. शिवाय चित्रे गोदामात का पडली? शाळांत फिरविणारी व्यवस्था आधी मोडली, म्हणून पडली. व्यवस्था मोडावयाची, मग वस्तू निरुपयोगी ठरवावयाची आणि शेवटी विकावयाची, हा क्रम रेल्वेपासून पाणीपुरवठ्यापर्यंत ब्रिटिश जनतेने अनेकदा पाहिला आहे.

सार्वजनिक मालकी सुटली की पुढे काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. लाउरीचे 1953 मधील फुटबॉल सामन्याला निघालेल्या गर्दीचे चित्र व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंच्या कामगार संघटनेने 1999 साली एकोणीस लाख पौंडांना घेतले होते. ते सॅलफर्ड येथील कलादालनात लोकांना विनामूल्य पाहता येत असे. 2022 मध्ये ते विक्रीस निघाले आणि त्याला अठ्ठ्याहत्तर लाख पौंड मोजावे लागले. ते सॅलफर्डमध्येच राहिले, पण एका धनिक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने देणगी दिली म्हणून. कामगारांच्या गर्दीचे चित्र कामगारांच्या शहरात राहणे हे एका श्रीमंताच्या मर्जीवर अवलंबून असावे, ही गोष्ट समाधानाची नव्हे.

या प्रदर्शनांशी मराठी वाचकाचा एक धागाही जुळलेला आहे. ‘मॉडर्न ब्रिटिश’ म्हणून आज ज्यांची नावे घेतली जातात त्यांत गोव्यातील साळगाव येथे 1924 साली जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा हाही आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेला आणि काही काळ कम्युनिस्ट पक्षात असलेला सूझा 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत होता. 1949 मध्ये तो लंडनला गेला. तेथे अनेक वर्षे हलाखीत काढल्यावर 1955 च्या सुमारास त्याला नाव मिळाले. त्याच साली काढलेले त्याचे ‘बर्थ’ हे चित्र 2015 मध्ये चाळीस लाख डॉलरांना विकले गेले. सूझा 2002 सालीच वारला होता. दारिद्र्याच्या दिवसांत ज्याला रंग परवडत नसत, त्याच्या नावावर इतरांनी केलेला हा नफा आहे.

यावर असे विचारले जाईल की चित्रे स्वस्त केली आणि प्रतींचे बंधन काढले, तर कलावंताने खावे काय? प्रश्न रास्त आहे. पण आजची चढी किंमत कलावंताच्या पदरात पडते हा समज चुकीचा आहे. पॉवर 1951 साली वारला, फ्लाइट 1955 साली. अँड्र्यूज 1947 मध्ये कॅनडाला निघून गेली आणि तिने आयुष्याचा मोठा काळ प्रसिद्धीपासून दूर काढला. लिलावगृहांतील तेजीचा लाभ त्यांना झाला नाही. ब्रिटनमध्ये पुनर्विक्रीत वाटा मिळण्याचा कलावंताचा हक्क कायद्याने आला तो 2006 साली, आणि वारसांना तो मिळू लागला 2012 पासून. तोही थोड्या टक्क्यांचा असून त्याला कमाल मर्यादा घातलेली आहे. या कलावंतांच्या पिढीला जगविले ते शाळांतील अध्यापनाने, लंडनच्या वाहतूक मंडळाच्या भित्तिपत्रकांनी, युद्धकाळातील शासकीय कामांनी आणि शिक्षण खात्यांच्या खरेदीने. म्हणजे ज्यांना आज बाजाराचे तारे म्हणून मिरविले जाते, ते बऱ्याच अंशी सार्वजनिक कामांवरच जगले होते.

एवंच, आधुनिक ब्रिटिश चित्रकारांच्या प्रदर्शनाकडे केवळ शैलींचा मेळा म्हणून पाहणे अपुरे आहे. त्या भिंतींवर एका अपुऱ्या राहिलेल्या सामाजिक प्रयोगाचे अवशेष टांगलेले असतात. त्या प्रयोगाचा पहिला धडा असा की माध्यम लोकाभिमुख असले तरी बाजार त्याला दुर्मीळ करू शकतो. दुसरा धडा असा की केवळ किंमत उतरवून कला लोकांची होत नाही. ती शाळेच्या भिंतीवर, कामगार संघाच्या सभागृहात, नगर वाचनालयात यावी लागते आणि तेथे टिकावी लागते. वेकफिल्ड येथील हेपवर्थ या कलादालनाने 2018 साली ‘स्कूल प्रिंट्स’ची कल्पना पुन्हा उचलून हयात कलावंतांची चित्रे गावातील प्राथमिक शाळांना दिली. म्हणजे हा मार्ग बंद झालेला नाही. तो चालण्याची इच्छा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात एक ओळ, एवढेच हवे.

सार्वजनिक वाचनालयातील पुस्तके विकून रस्त्यावरचे दिवे लावू असे कोणी म्हटले, तर कार्यकर्ता लगेच उठून उभा राहील. चित्राच्या बाबतीत तो गप्प बसतो, कारण चित्र ही श्रीमंतांची चैन आहे हे त्याने नकळत मान्य केलेले असते. स्वयंपाकघरातील लिनोलियम आणि छत्रीची काडी घेऊन कामाला बसलेल्या त्या लोकांनी हेच म्हणणे खोडून काढले होते.